फायलीकाका शॉकअप बदलतात

माणसाने एकदा तरी आपल्या हाताने काहीतरी दुरुस्त करावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या फायलीकाकांना भेटून यावं. काका स्वतः त्या विषयावर बोलत नाहीत. विषय निघाला की चष्मा काढून पुसायला लागतात. पण इमारतीतल्या चौदा बिऱ्हाडांपैकी कुणालाही विचारा, तो हातातलं काम टाकून सांगायला बसेल, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात पाण्याची पातळी वेगळी असेल. कुणी म्हणतो घोट्याएवढं होतं, कुणी म्हणतो गुडघ्याएवढं. म्हणून म्हटलं, जे झालं ते एकदा नीट सांगून टाकावं.

फायलीकाका सरकारी अभिलेख कक्षात. अभिलेख कक्ष म्हणजे जुन्या फायली जिथे ठेवतात ती जागा. एकतीस वर्षं तिथे काढल्यावर माणूस घरीही तसाच होतो. काकांच्या घरी विजेच्या बिलांची फाइल आहे, औषधांच्या चिठ्ठ्यांची आहे, आणि कुठल्या फायली आहेत याचीही एक फाइल आहे. इमारतीतल्या पोरांनी नाव ठेवलं फायलीकाका, आणि बघता बघता सेक्रेटरीसुद्धा त्यांना तेच म्हणू लागले. काकू मात्र 'अहो' म्हणतात. त्या 'अहो'चे किमान सहा प्रकार आहेत, पण ते पुढे येतीलच.

काकांची मोटारसायकल एकोणीस वर्षांची. ती जेव्हा नवी होती तेव्हापासून रोज सकाळी काकू मागे बसायच्या आणि काका त्यांना औषधांच्या कंपनीत सोडून पुढे आपल्या ऑफिसला जायचे. काकू तिथे पॅकिंग विभागात सुपरवायझर. पंचवीस मिनिटांचा रस्ता. आणि खरं सांगायचं तर या नवराबायकोचा सगळा संसार त्या पंचवीस मिनिटांत व्हायचा. घरी कोण कुणाशी बोलतं? तिला कुकर, याला पेपर. पण गाडीवर बसलं की काकूंचं तोंड काकांच्या कानाच्या बरोबर मागे यायचं आणि बातम्या सुरू व्हायच्या. पॅकिंगमध्ये कोण कुणाशी बोलत नाही, कुणी खोकल्याच्या बाटल्यांवर मलमाची लेबलं लावली, बहिणीने फोनवर काय ऐकवलं, आणि त्यावर काकू काय म्हणाल्या, आणि खरं म्हणजे काय म्हणायला हवं होतं. काका प्रत्येक गोष्टीला म्हणायचे, "हं." एकोणीस वर्षं त्यांनी एवढंच म्हटलं, आणि कामही भागत होतं.

मग दीड महिन्यापूर्वी गाडीच्या मागच्या शॉकअपांनी राम म्हटला. शॉकअप म्हणजे मागच्या चाकाच्या दोन बाजूंना त्या दोन जाड स्प्रिंगा असतात ना, त्या. रस्त्याचे दणके त्यांनी खायचे, माणसाने नाही, असा करार असतो. तो मोडला. एका स्पीडब्रेकरवर मागून धाडकन आवाज आला आणि काकू जे "आई गं" म्हणाल्या ते घरी पोचेपर्यंत म्हणतच होत्या. डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला आणि सांगितलं, गाडीचे शॉकअप बदलेपर्यंत मागे बसायचं नाही.

काकू बसने जायला लागल्या. पहिल्या दिवशी काकांना बरं वाटलं, खोटं कशाला बोला. दुसऱ्या दिवशी त्यांना इंजिनाचा एक आवाज ऐकू आला, जो एकोणीस वर्षांत कधी ऐकला नव्हता. आठवड्याभरात त्यांना जगातलं काहीच कळेनासं झालं. लेबलांचं पुढे काय झालं? बहिणीने परत फोन केला का? रात्री जेवताना विचारावं तर काकू म्हणायच्या, "कुठलं काय, नेहमीचंच," आणि भांडी आवरायला उठायच्या. जेवणाच्या टेबलाशी ते जमतच नव्हतं. त्यासाठी ती मागची सीटच लागत होती. काकांना फार चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. ते त्यांनी काकूंना सांगितलं नाही. एकोणीस वर्षं नुसतं 'हं' म्हटलेल्या माणसाने अशी सुरुवात करायची तरी कुठून?

आता तुम्ही विचाराल, मग दीड महिना हा माणूस काय करत होता? शॉकअप का नाही बदलले? विचार करत होता. 'विचाराधीन' असा एक शब्द काकांच्या ऑफिसात आहे आणि तो काकांच्या अंगात मुरलाय.

शुक्रवारी संध्याकाळी काकूंनी चहा पिता पिता सांगितलं, "कंपनीने स्टाफसाठी बस सुरू केलीय. दारातून न्यायची, दारात सोडायची. जागा घेतली की वर्षभर घ्यावी लागते. सोमवारी फॉर्म द्यायचाय."

"बघू फॉर्म," काका म्हणाले. फॉर्म म्हटल्यावर त्यांचा हात आपोआप पुढे येतो.

"माझा फॉर्म मी भरीन," असं म्हणून काकूंनी तो पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन लावली.

वर्षभर. काकांचा चहा निवला. वर्षभर म्हणजे पुढेही तेच, कारण एकदा गुबगुबीत सीटवर बसायची सवय लागलेलं माणूस कशाला परत येतंय या खटाऱ्यावर? करायचं ते सोमवारच्या आत करायला हवं होतं.

शनिवारी काका गॅरेजमध्ये गेले. पेट्रोल पंपाच्या शेजारी ते गॅरेज आहे. गॅरेजवाला एका स्कूटरच्या पोटात हात घालून बसला होता. त्याने मान वर न करता सांगितलं, "शॉकअप आहेत, देतो. पण बसवायला गुरुवारी या."

"गुरुवार चालणार नाही हो. सोमवारच्या आत हवंय."

"काका, हातात आठ गाड्या आहेत. काम काही नाही त्यात. चार नट, अर्धा तास. पण तो अर्धा तास माझ्याकडे गुरुवारी आहे."

अर्धा तास आणि चार नट. ज्या माणसाने तीन मजल्यांच्या फायली एकट्याने दुसऱ्या इमारतीत हलवल्या, त्याला चार नट जड जाणार? काकांनी शॉकअपची जोडी विकत घेतली, बगलेत मारली आणि घरी आले. निघताना गॅरेजवाला काहीतरी सांगत होता, पण काका तोवर रस्ता ओलांडत होते.

रविवारी सकाळी नऊ वाजता काकांनी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये जुनी चादर अंथरली. चादरीवर पाने ओळीने मांडले, लहानापासून मोठ्यापर्यंत. चार रिकामी पाकिटं आणली होती. त्यांवर लिहिलं होतं: डावा वर, डावा खाली, उजवा वर, उजवा खाली. निघालेला प्रत्येक नट आपापल्या पाकिटात जाणार होता. हे इतकं व्यवस्थित होतं की येणारेजाणारे थांबून बघायला लागले, आणि इथेच घात झाला. एकट्याने केलं असतं तर काका चुकले असते तेवढेच चुकले असते.

पहिले आले पूलवाले. हे दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर. नोकरीत अकरा पूल बांधले आणि अकराच्या अकरा अजून उभे आहेत असं ते सांगतात. जाऊन बघितलेलं कुणी नाही.

"काय काढलंत?" पूलवाल्यांनी विचारलं.

"शॉकअप बदलतोय."

"असं. म्हणजे आधार काढून दुसरा आधार देणार." ते खाली वाकून बघू लागले. "भार कुठे जाणार याचा विचार केलाय का?"

"चार नट आहेत फक्त," काका म्हणाले.

तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशी मशीन बंद करून दारात आल्या. मावशी मोजकं बोलतात, कारण त्यांच्या ओठांत बहुतेक वेळा टाचण्या असतात. त्यांनी टाचण्या काढल्या आणि म्हणाल्या, "मधल्या स्टँडवर नाही का लावायची गाडी? आणि एका बाजूचं काढा, नवीन लावा, मग दुसरी बाजू. मी बाही बदलताना दोन्ही एकदम नाही उसवत."

हे ऐकलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती आणि अर्ध्या तासात संपली असती. पण मधल्या स्टँडवर गाडी चढवायची तर दम लागतो, आणि लोकांसमोर दम लागलेला काकांना नको होता. गाडी साइड स्टँडवर एका अंगाला कललेली होती, ती तशीच राहिली. आणि एकेक बाजू करण्याबद्दल म्हणाल, तर अभिलेख कक्षाचा एक पक्का नियम आहे: जुने कागद सगळे काढून झाल्याशिवाय नवा एकही लावायचा नाही. काकांच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी कुणीतरी जुना हुकूम अर्धा काढून त्यावर नवा लावला होता, आणि एका गरीब कारकुनाची एकाच दिवशी दोन गावांना बदली झाली होती. तो बिचारा तीन महिने दोन्हीकडे गैरहजर लागत होता. तेव्हापासून काकांनी जुनं आणि नवं कधी एकत्र येऊ दिलेलं नाही.

"आधी जुने दोन्ही निघाले पाहिजेत," काका म्हणाले. "पद्धत असते एकेक." मावशींनी टाचण्या परत ओठांत धरल्या.

एकोणीस वर्षांचे नट. पहिला निघायला पाऊण तास लागला. त्यावर रॉकेल टाकून झालं, हातोडीने ठोकून झालं, पूलवाल्यांनी पान्याला लोखंडी पाइप जोडून लांबी वाढवायला सांगितली तेही झालं. पाना सटकून काकांची बोटं सायलेन्सरवर आपटली. काकांनी बोटं तोंडात घातली आणि कुणी बघितलं का ते बघितलं. सगळ्यांनीच बघितलं होतं, कारण तोवर सातजण जमले होते. पण नट निघाले, आणि काकांनी एकेक पाकिटात टाकून पाकिटाचं तोंड दुमडलं. डावा शॉकअप निघाला. लोकांनी मान डोलावली. काका उजव्या बाजूला गेले, वरचा नट काढला, खालचा काढला, आणि शॉकअप धरून बाहेर ओढला.

मोटारसायकल खाली बसली. दाणकन पडली वगैरे नाही. थकलेलं माणूस बसतं तशी मागून हळूच बसली, चाक मडगार्डला जाऊन टेकलं, आणि साइड स्टँडला आता गाडीची उंचीच पटेना म्हणून ती दुसऱ्या बाजूला कलली. काकांनी तिला दोन्ही हातांनी धरलं. पण तीन मण लोखंड एकदा जायचं म्हणालं की पन्नाशीतला माणूस काय धरणार? ती शेजारच्या स्कूटरवर रेलली आणि दोघी मिळून भिंतीला टेकल्या. काकांच्या गाडीचा उजवा आरसा फुटला. स्कूटर सेक्रेटरींची होती.

सेक्रेटरी जिन्यातच होते. त्यांच्या बगलेत इमारतीच्या नियमांची वही नेहमी असते, लोक म्हणतात झोपतानाही असते. त्यांनी आधी स्कूटर बघितली, मग काकांना बघितलं, मग वही उघडली. "पार्किंगमध्ये वाहन धुणे, वाळवणे, विकणे यांस बंदी आहे," त्यांनी वाचून दाखवलं. "हे तुमचं यातलं काय आहे?"

"यातलं काहीच नाही. दुरुस्ती आहे."

"दुरुस्ती की बदल? दुरुस्तीला माझी परवानगी लागते. बदल असेल तर सभा बोलवावी लागेल, सात दिवसांची नोटीस देऊन."

इथे दुसरा कुणी असता तर भांडला असता. काकांनी मात्र मान डोलावली. कारण सेक्रेटरींचं बरोबर होतं. एकतीस वर्षं लोकांना 'अर्ज कुठाय' विचारणाऱ्या माणसाने स्वतः विनाअर्ज गाडी उघडली होती. काकांना गाडी पडल्यापेक्षा त्याचीच जास्त शरम वाटली. "अर्ज देतो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आधी उचलू तर द्या."

"उचलायची जबाबदारी माझी," पूलवाले म्हणाले. या क्षणाची ते तासाभरापासून वाट बघत होते. त्यांनी वर बोट दाखवलं. पार्किंगच्या छताखालून पाण्याचा एक पाइप आडवा गेला होता. "दोर टाका यावरून. दीड इंची लोखंडी पाइप आहे. गाडीच काय, गाडीवर बसलेलं कुटुंब पेलेल."

"नक्की ना?" काकांनी विचारलं.

"माझे अकरा पूल उभे आहेत, काका."

मावशी टाचण्या तोंडात धरूनच काहीतरी म्हणाल्या. त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. वाळत घालायचा दोर दुपदरी करून पाइपवरून टाकला, एक टोक गाडीच्या मागच्या दांड्याला बांधलं, दुसरं टोक तिघांनी धरलं. पूलवाल्यांनी हात वर केला. गाडी उचलली गेली, अगदी वीतभर. काका नवा शॉकअप हातात घेऊन वाकलेच होते. मग वर कुठेतरी कुईं असा आवाज झाला, पाइपाचा सांधा सुटला, आणि चौदा बिऱ्हाडांचं पाणी फायलीकाकांच्या डोक्यावर आलं.

पाणी घोट्याएवढंच होतं. मी स्वतः विचारून खात्री केली आहे. पण रविवारचे अकरा वाजले होते आणि निम्मी इमारत आंघोळीला गेली होती. पाच मिनिटांत टाकी रिकामी झाली आणि जिन्यातून माणसं उतरायला लागली, बादल्या घेऊन आणि बादल्यांशिवाय. चौथ्या मजल्यावरचे प्राध्यापक टॉवेल गुंडाळून, तोंडाला साबण तसाच ठेवून आले. त्यांना डोळे उघडता येत नव्हते, त्यामुळे ते सेक्रेटरींनाच काका समजून बोलत राहिले. 'डावा वर' आणि 'उजवा खाली' ही पाकिटं गटाराच्या दिशेने निघाली होती. ती पायाने अडवावीत तर हातात शॉकअप, आणि शॉकअप ठेवावा तर कुठे? काका तसेच उभे राहिले. कपाळावरून पाणी, चष्म्यावर पाणी, आणि समोर अख्खी इमारत.

गर्दीतून काकू पुढे आल्या. काकांनी मान खाली घातली. आता 'अहो'चा सगळ्यात वाईट प्रकार ऐकावा लागणार, हे त्यांना माहीत होतं.

"अहो," काकू म्हणाल्या, "लागलं का कुठे?"

काकांनी मानेनेच नाही म्हटलं. हा प्रकार त्यांच्या यादीत नव्हता. काकूंनी पदराने त्यांचा चष्मा पुसून परत नाकावर चढवला आणि वाकून दोन्ही पाकिटं उचलली.

पुढचं काम मावशींनी केलं, हे कबूल करायला हवं. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून ब्लाउजला टोचल्या, घरातून एक ठेंगणं लाकडी स्टूल आणलं आणि हुकूम सोडले. चौघांनी गाडी हातांनी उचलली, प्राध्यापकसुद्धा एका हाताने टॉवेल सावरून होते. मावशींनी स्टूल गाडीच्या पोटाखाली सारलं. बोल्टचं भोक बोटभर खाली राहत होतं, तर चाकाखाली तरफेसारखी फळी घालून मावशींनी तिच्या दुसऱ्या टोकावर पाय दिला आणि भोक आपणहून जागेवर आलं. दहा मिनिटांत दोन्ही शॉकअप बसले. पूलवाले बाजूला उभं राहून म्हणत होते की तत्त्व तेच आहे, फक्त दिशा बदलली.

शेवटी एक गोष्ट मात्र काकांनी स्वतः केली, आणि कुणालाही न विचारता केली. नव्या शॉकअपला खाली एक खाचांची चकती होती, फिरवली की घट्ट होणारी. तिच्यावर एक ते पाच आकडे होते. काकांच्या ऑफिसात दरवर्षी प्रत्येकाच्या कामाचा गोपनीय अहवाल लिहितात. त्यात एक म्हणजे असमाधानकारक आणि पाच म्हणजे अत्युत्कृष्ट. काकांना एकतीस वर्षांत कधी चारच्या वर मिळाले नव्हते. पण काकूंसाठी चार कशाला? त्यांनी दोन्ही चकत्या पूर्ण ताकद लावून पाचवर नेल्या आणि समाधानाने हात पुसले.

दुपारी प्लंबर आला, संध्याकाळी नळांना पाणी आलं. सेक्रेटरींनी काकांना वर बोलावलं. झालेल्या कामाला नंतर मंजुरी द्यायची तर तिला 'कार्योत्तर मंजुरी' म्हणतात, आणि इमारतीत हा शब्द कळणारे दोघेच होते. काकांनी अर्ज लिहिला. विषय: मोटारसायकल खाली बसल्याबाबत. सेक्रेटरींनी तो दोनदा वाचला, सही केली आणि म्हणाले, "अक्षर सुरेख आहे हो तुमचं." दिवसभरात काकांच्या वाट्याला आलेलं ते एकच चांगलं वाक्य.

सोमवारी सकाळी काकू पर्स घेऊन खाली आल्या. गाडीकडे बघितलं. एकच आरसा उरला होता आणि तो नेहमीप्रमाणे काकांचं कोपर दाखवत होता. "आजच्या दिवस बसते," काकू म्हणाल्या. "पाठ दुखली तर मग माझा इलाज नाही. फॉर्म पर्समध्ये आहे."

काकू बसल्या. शॉकअप तसूभरही खाली गेले नाहीत. काकांना वाटलं, वा, हा माल. पहिल्या स्पीडब्रेकरवर मात्र काकू सीट सोडून वर गेल्या आणि पुन्हा सीटवर आल्या, आणि या दोन घटनांच्या मध्ये बराच वेळ गेला.

"अहो."

"नवीन आहेत. रुळतील."

"माझी पाठ रुळेपर्यंत?"

त्यानंतर काकू काही बोलल्या नाहीत. ना पॅकिंग, ना बहीण. दोन्ही हातांनी सीटखालचा दांडा धरून बसल्या होत्या. काकांना घाम फुटला. पंचवीस मिनिटांतली सात गेली होती आणि फॉर्म पर्समध्ये होता.

पेट्रोल पंपावर रांग होती. टाकी भरताना मागच्या माणसाला उतरावंच लागतं, तशा काकू उतरल्या आणि बाजूला उभ्या राहिल्या. पेट्रोल भरून झालं, पंपावरचा माणूस "पुढे घ्या, पुढे घ्या" म्हणाला, मागच्यांनी हॉर्न वाजवले. काकांनी गाडी चार हात पुढे घेऊन थांबवली. तेवढ्यात मागच्या मोटारसायकलचं चाक त्यांच्या चाकाला हलकेच लागलं. काकांना वाटलं, बसली. जुन्या शॉकअपांवर असं झालं नसतं. पण या शॉकअपांवर मागे बायको आहे की हवा आहे, ते कळायची सोयच नव्हती. काकांनी गियर टाकला.

आणि मग, कदाचित समोर रस्ता मोकळा मिळाला म्हणून असेल, किंवा तिचा चेहरा दिसत नव्हता म्हणून असेल, काका बोलायला लागले.

"हे बघ," ते म्हणाले, "तू बसने जा. तुझी पाठ महत्त्वाची. मला काय, मी जाईन एकटा." मागून उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांना आणखी धीर आला. "पण एक सांगतो. दीड महिना झाला, सकाळी कुणी बोलत नाही माझ्याशी. मला सवय नाही गं. तू बोलतेस ते सगळं मी ऐकतो. तुला वाटत असेल हा नुसता हं हं करतो. ती लेबलंवाली मुलगी, तिला नोकरीवरून काढलं का, मला रोज आठवतं. काल काय मला हौस होती नट काढायची? तू मागे बसावंस एवढंच होतं." चौकातला सिग्नल लागला. शेजारच्या रिक्षावाल्याने काकांकडे नीट बघितलं, मग त्यांच्या मागे बघितलं, आणि रिक्षा जरा लांब घेतली. काकांनी एकोणीस वर्षांचं बोलणं पुढच्या अठरा मिनिटांत बोलून टाकलं.

कंपनीच्या फाटकाशी गाडी थांबवून काका म्हणाले, "उतर." कुणी उतरलं नाही. "अगं, रागावलीस का?"

फाटकावरचा वॉचमन पुढे आला. "काका, आज बाई नाहीत का?"

काकांनी मागे वळून बघितलं. परतीचं ते अठरा मिनिटांचं अंतर त्यांनी नऊ मिनिटांत कापलं, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला त्यांना काकूंची पाठ काय सोसते ते कळलं.

काकू पंपावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. पंपावरच्या लोकांनी त्यांना चहा दिला होता. शेजारचा गॅरेजवाला दारात उभा राहून ही मजा बघत होता. काका गाडीवरून उतरले.

"सत्तावीस मिनिटं झाली," काकू शांतपणे म्हणाल्या. "मी विचार करत होते, यांना कुठे पोचल्यावर कळेल."

"फाटकाशी," काका म्हणाले.

गॅरेजवाला वाकून शॉकअप बघत होता. "पाचवर कुणी लावले हे? मी सांगत होतो तर तुम्ही निघालात. पाच म्हणजे मागे सिमेंटची पोती नेणाऱ्यांसाठी."

"मला वाटलं, पाच म्हणजे अत्युत्कृष्ट."

गॅरेजवाल्याने आकडी पाना आणला आणि दोन्ही चकत्या दोनवर आणल्या. त्याला अर्धं मिनिट लागलं. यासाठी मात्र त्याने गुरुवार मागितला नाही.

"तो पंपावरचा माणूस सांगत होता," काकू म्हणाल्या, "साहेब जाताना एकटेच मोठमोठ्याने बोलत होते. कुणाशी बोलत होतात?"

"तुझ्याशी."

"काय?"

काकांनी इकडेतिकडे बघितलं. पंपावरची चार माणसं, गॅरेजवाला, पेट्रोलच्या रांगेतले सगळे. काल अख्ख्या इमारतीसमोर अंगावर टाकी रिकामी झाली तेव्हाही त्यांना इतकं उघडं पडल्यासारखं वाटलं नव्हतं. "करमत नाही," ते पुटपुटले. "सकाळी. तू मागे नसलीस की."

काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. पदर सारखा केला, पर्स खांद्याला लावली आणि गाडीवर येऊन बसल्या. "उशीर झालाच आहे," त्या म्हणाल्या. "आता लांबच्या रस्त्याने चला. आणि काय बोललात ते पहिल्यापासून सांगा."

काका निघाले. पहिला स्पीडब्रेकर आला तसा गेला, कुणी काही म्हणालं नाही. काकांनी घसा साफ केला. कुठून सुरुवात करावी याची मनात जुळवाजुळव केली. "हे बघ," ते म्हणाले.

"थांबा, आधी माझं ऐका, नाहीतर विसरेन," काकू त्यांच्या कानामागून म्हणाल्या. "त्या लेबलवालीला नाही काढलं. उलट तिचं लग्न ठरलं, आणि कुणाशी माहितेय का? तिच्यावर ओरडला होता ना, त्याच साहेबाशी." मग बहिणीचा फोन झाला, मग बसमध्ये खिडकीवरून झालेलं भांडण झालं, मग डॉक्टरांच्या कंपाउंडरचं झालं. दीड महिन्याचा साठा होता. काकांची पाळी काही येईना. कालव्याजवळच्या वळणावर काकू सहज म्हणाल्या, "आणि त्या फॉर्मची तारीख शुक्रवारीच गेली. मी दिलाच नव्हता."

काकांचा ब्रेकवरचा हात थबकला. "मग सोमवार म्हणालीस ते?"

"मुदत घालून दिल्याशिवाय तुमच्या हातून कधी काही हललंय का?"

यावर काकांना पुष्कळ बोलायचं होतं. सुजलेली बोटं होती, फुटलेला आरसा होता, सेक्रेटरींच्या फायलीत कायमचा राहणार असा तो अर्ज होता. पण काकू तोवर कंपाउंडरच्या सासूकडे वळल्या होत्या, आणि फाटक अजून बरंच लांब होतं.

"हं," काका म्हणाले.